पोषण-आरोग्यातल्या नव्या कल्पनेला बक्षीस किंवा अनुदान हवंय? अर्जाआधीची कामं, क्रमाने

पोषण आणि आरोग्यावर नव्याने काम करणारे बहुतेक जण अर्जाची शेवटची तारीख जाहीर झाली की फॉर्म उघडतात. फॉर्म भरायला चार दिवस पुरतात. पण त्यात जे आकडे, परवानग्या आणि पत्रं मागितलेली असतात, ती जमवायला सहा-नऊ महिने सहज जातात. हा लेख त्या महिन्यांबद्दल आहे.

उदाहरणाला एकच वस्तू शेवटपर्यंत धरू: नाचणी, शेंगदाणे आणि गूळ यांचं भाजून केलेलं पीठ, लहान मुलांसाठी. तुमचं उपकरण असेल, तपासणी-किट असेल किंवा अ‍ॅप असेल, तरी क्रम हाच राहतो. परवानग्या तेवढ्या बदलतात.

१. बक्षीस, अनुदान की खरेदी, हे आधी ठरवा

तिन्हींना लोक सरसकट 'फंडिंग' म्हणतात आणि तिथेच घोळ होतो.

बक्षीस झालेल्या कामाला मिळतं. १८१० साली फ्रेंच सरकारने निकोला अपेर यांना अन्न बाटलीत टिकवण्याच्या पद्धतीबद्दल १२,००० फ्रँक दिले, तेही पद्धत छापून सगळ्यांना खुली करायच्या अटीवर. आजच्या बक्षिसांच्या नियमावलीतही अशी एखादी अट शेवटच्या पानावर असते, ती वाचा. अनुदान मिळतं ते अजून न झालेल्या कामाला, हप्त्याहप्त्याने, प्रत्येक टप्प्याचा हिशेब घेऊन. तिसरा प्रकार म्हणजे खरेदीचं वचन. न्यूमोनिया रोखणाऱ्या न्यूमोकोकल लशीसाठी २००९ साली काही देश आणि गेट्स फाउंडेशन यांनी मिळून दीड अब्ज डॉलरचं असं वचन दिलं: लस तयार करा, ठरल्या किमतीत आम्ही घेऊ. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोसिल पुढे त्याच व्यवस्थेत पुरवली गेली. आपल्याकडे महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहातल्या विजेत्यांना सरकारी खात्याचा कार्यादेश मिळतो, तो याच जातीचा.

पुण्यातून जवळचे रस्ते असे:

– बायरॅक या जैवतंत्रज्ञान-उद्योगांना मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं 'बिग' अनुदान: कमाल ५० लाख रुपये, मुदत १८ महिने. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातलं व्हेंचर सेंटर या योजनेचं भागीदार केंद्र आहे. इथे विज्ञान नवं लागतं. भाजणीचा नवा प्रकार एवढ्यावर अर्ज टिकत नाही. मोड आणून फायटेट (धान्यातलं, लोह अडवणारं द्रव्य) किती घटलं, ते कसं मोजलं, असं काही हातात असावं लागतं.
– स्टार्टअप इंडिया सीड फंड: संकल्पना सिद्ध करण्यासाठी कमाल २० लाखांचं अनुदान, तेही मान्यताप्राप्त इन्क्युबेटरमार्फत (नव्या उद्योगांना आधार देणारं केंद्र). डीपीआयआयटीची (केंद्राचा उद्योग आणि अंतर्गत व्यापार विभाग) स्टार्टअप म्हणून मान्यता आधी हवी.
– पीएमएफएमई, म्हणजे सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना: प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख, बँककर्जाला जोडून. हे नवकल्पनेचं बक्षीस नव्हे. पण पीठ-गिरणी-पॅकिंग एवढंच काम असेल तर खरा मार्ग हाच आहे, आणि बचतगटांनी दुसरीकडे वेळ घालवू नये.

रकमा आणि मुदती फेरीगणिक बदलतात, योजनाही संपतात, त्यामुळे चालू जाहिरात उघडूनच पुढचं ठरवा.

२. प्रश्न एका वाक्यात मांडा, त्यात जागा आणि आकडा हवा

'भारतात कुपोषण मोठी समस्या आहे' या वाक्याने सुरू होणारे अर्ज परीक्षक दिवसाला वीस वाचतो. प्रश्न नेमका असला की उपायही नेमका होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली आसपासच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा खूप हलकी, पण अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. लहान होते ते स्नायू आणि अवयव. बऱ्याचशा आयांमध्ये बी-१२ कमी होतं. आता नुसत्या उष्मांकांचं पीठ या प्रश्नाचं उत्तर ठरेल का? नाही. बी-१२ नाचणीतही नाही आणि शेंगदाण्यातही नाही.

म्हणून वाक्य असं लिहा: 'अमुक तालुक्यातल्या अंगणवाडीत येणाऱ्या ३ ते ६ वर्षांच्या मुलांच्या दुपारच्या खाण्यात अमुक ग्रॅम प्रथिनं कमी पडतात.' हा आकडा मिळवायला चोवीस तासांच्या खाण्याची विचारपूस किमान दोन वेगळ्या दिवशी करावी लागते. उपवासाचा किंवा जत्रेचा दिवस त्यात धरू नका.

३. घटकांचा हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे अन्नघटक तक्ते (२०१७) घ्या. १०० ग्रॅममागे ढोबळ आकडे असे:

– नाचणी: ३२१ किलोकॅलरी, ७.२ ग्रॅम प्रथिनं, ३६४ मिग्रॅ कॅल्शियम
– शेंगदाणे: ५२० किलोकॅलरी, २३.६ ग्रॅम प्रथिनं
– गूळ: सुमारे ३५४ किलोकॅलरी, प्रथिनं २ ग्रॅमच्या आत

५० ग्रॅम नाचणी, २५ ग्रॅम दाणे आणि २५ ग्रॅम गूळ घेतला, तर १०० ग्रॅम पिठात साधारण ३७९ किलोकॅलरी आणि १० ग्रॅम प्रथिनं येतात. अंगणवाडीच्या पूरक आहाराचं माप २०२३ च्या बदलाआधी सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असं होतं; चालू माप ताज्या अधिसूचनेतून घ्या, इथे रीत दाखवायला जुनंच धरू. म्हणजे आपलं पीठ १३२ ग्रॅम द्यावं लागेल, त्यातून प्रथिनं १३ ग्रॅम. मापात बसलं. बहुतेक जण इथे खूश होऊन थांबतात.

परीक्षकांत आहारतज्ज्ञ असतोच, आणि तो पुढचे प्रश्न विचारतो.

गूळ: २५ ग्रॅम गुळाचे ८८ किलोकॅलरी, म्हणजे एकूण उष्मांकांच्या २३ टक्के. बाहेरून घातलेली साखर १० टक्क्यांच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि गूळ त्यातच मोजला जातो. 'गूळ नैसर्गिक आहे' हे उत्तर चालत नाही. गूळ १० ग्रॅमवर आणा, चव खजुराने किंवा वेलचीने सांभाळा. खजूर घातलात तर हिशेब पुन्हा करा.

लोह: तक्त्यातलं लोह आणि अंगी लागणारं लोह यांत मोठा फरक असतो. नाचणीतलं फायटेट आणि टॅनिन लोह अडवतात. मोड आणल्याने फायटेट घटतं. लापशीवर लिंबू पिळायची सूचना फुकटातली आहे आणि उपयोगीही.

सत्त्व: भिजवून, वाटून, गाळून काढलेल्या सत्त्वाला अख्ख्या नाचणीचे आकडे लावू नका. चोथ्याबरोबर तंतू आणि बरीच खनिजं जातात. ही चूक पाकिटांवरही सर्रास दिसते.

घट्टपणा: साध्या पिठाची लापशी थंड झाली की घट्ट होते, आई पाणी घालते आणि वाटीतले उष्मांक निम्म्यावर येतात. मोड आणलेल्या नाचणीतली विकरं (एन्झाइम) पिष्ट (स्टार्च) तोडतात, लापशी पातळ राहते आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. कल्पनेत नवेपणा शोधायचा असेल तर तो इथे आहे.

खवटपणा: दाण्यांचं तेल उन्हाळ्यात पाकीट खवट करतं. ओलावा, पेरॉक्साइड मूल्य (तेल किती खवटलं ते) आणि अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) या तीन चाचण्या एफएसएसएआयने (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) अधिसूचित केलेल्या प्रयोगशाळेतून करून घ्या. पाकीट भरल्यादिवशी, तीन महिन्यांनी आणि टिकण्याची मुदत संपताना, अशा तीनदा. एकाच दिवसाच्या अहवालावर सहा महिन्यांची मुदत छापता येत नाही.

४. किंमत उलटी मोजा

मेनिंजायटिस-ए ची मेनअफ्रिव्हॅक लस सीरमने बनवली तेव्हा किंमत आधी ठरली होती: एका डोसला ५० सेंटच्या आत. तंत्रज्ञान त्या किमतीत बसवलं गेलं, आणि २०१० साली बुर्किना फासोपासून मोहीम सुरू झाली. घेणाऱ्याच्या खिशापासून मागे यायचं, ही ती पद्धत.

आपल्या पिठाला लावून पाहू. अंगणवाडीच्या आहारासाठी २०१७ साली ठरलेला दर मुलामागे दिवसाला ८ रुपये होता. चालू दर ताज्या आदेशातून घ्या. हिशेबाची रीत तीच. १३२ ग्रॅमला ८ रुपये म्हणजे किलोला सुमारे ६० रुपये. आता समजा, नाचणी ४५ रुपये किलो, दाणे १२० आणि गूळ ५०. नुसता कच्चा माल किलोला ६५ रुपये होतो. भाजणी, दळण, पाकीट, वाहतूक, घट यांतलं काहीच अजून धरलेलं नाही. गूळ कमी करून नाचणी-दाणे वाढवले (६०, ३०, १०) तर तोच आकडा ६८ वर जातो. पोषण सुधारलं की किंमत बिघडते.

शिवाय या योजनेला गहू-तांदूळ सवलतीच्या दरात मिळतात. मार्केट यार्डातून माल उचलणारा त्यांच्याशी दरात कसा भिडणार? तेव्हा 'आमचा ग्राहक अंगणवाडी' हे वाक्य हिशेब न करता लिहू नका. ५० ग्रॅमचं पाकीट, सुमारे १९० किलोकॅलरी, नेहमीच्या आहाराला जोड म्हणून, असं मांडलंत तर ते खरं असतं आणि पटतंही. वेल्हे, भोर, मुळशीतून नाचणी थेट शेतकऱ्याकडून घेणार असाल, तर दर लिहून घेतलेलं पत्र जोडा.

५. परवानग्या, आणि एक कायदा जो कुणी वाचत नाही

अन्नासाठी एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर नोंदणी किंवा परवाना, उलाढालीप्रमाणे. उपकरणासाठी वैद्यकीय उपकरण नियम २०१७. अ आणि ब (कमी जोखमीच्या) वर्गाच्या उत्पादनाचा परवाना राज्याकडून, क आणि ड (जास्त जोखमीच्या) वर्गाचा केंद्राकडून. हे बहुतेकांना माहीत असतं.

माहीत नसतो तो १९९२ चा शिशुआहार कायदा, २००३ साली आणखी कडक झालेला. सहा महिन्यांनंतर दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी म्हणून विकलेला पूरक आहार त्याच्या कक्षेत येतो. त्याची जाहिरात करता येत नाही. मोफत नमुने वाटता येत नाहीत. पाकिटावर बाळाचं किंवा आईचं चित्र चालत नाही. आता नेहमीचा अर्ज आठवून पाहा: 'आम्ही ३०० मातांना मोफत नमुने दिले', शेजारी हसऱ्या बाळाचा फोटो. परीक्षकाला कायदा ठाऊक असेल तर अर्ज तिथेच संपला.

हाच कायदा शिशुआहार बनवणाऱ्या कंपन्यांना आरोग्य कर्मचाऱ्यांना किंवा त्यांच्या संघटनांना स्पर्धा, शिष्यवृत्ती, संशोधन, परिषदा यांसाठी पैसे द्यायला मनाई करतो. तुम्ही डॉक्टर, परिचारिका किंवा आशा असाल, तर पुरस्काराचा प्रायोजक कोण हे अर्जाआधी पाहा.

सोपी वाट: वस्तू ३ वर्षांवरच्या मुलांसाठी ठेवा आणि तसं पाकिटावर स्पष्ट छापा. दोन वर्षांखाली जायचंच असेल तर एफएसएसएआयचे शिशुपोषणाचे २०२० चे नियम वेगळे वाचावे लागतील आणि वर्षभराचा वेळ धरावा लागेल.

६. पुरावा

बहुतेक अर्ज इथे पडतात, म्हणून सावकाश वाचा.

'मुलांचं वजन वाढलं' हा पुरावा नाही. मुलांचं वजन वाढतंच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने घरोघरच्या नवजात-सेवेचा अभ्यास केला तेव्हा ३९ गावांत सेवा दिली आणि ४७ गावं तुलनेला ठेवली. १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलेला नवजात-मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा आकडा या तुलनेमुळे जगाने मानला. तुम्हाला ८६ गावं नकोत, पण तुलनेचा गट हवाच.

तुलना नसली की तीन गोष्टी फसवतात. पहिली: सर्वांत बारीक मुलं निवडली, तर पुढच्या मोजणीत त्यांतली काही आपोआप सरासरीकडे सरकतात, कारण पहिल्या दिवशी कुणाला जुलाब होते, कुणाची मोजणी चुकली होती. दुसरी: ऋतू. पावसाळ्यात आजारपणाने वजन घटतं. ऑगस्टमध्ये सुरू करून डिसेंबरला मोजलं तर काहीही न देता सुधारणा दिसेल. तिसरी: घरी दिलेलं पाकीट घरभर वाटलं जातं. वाटलेली पाकिटं मोजू नका, रिकामी परत आलेली मोजा, आणि आठवड्यातून एकदा वाटीत उरलेलं वजन करा.

किती मुलं? ढोबळ सूत्र: अपेक्षित फरकाने प्रमाणविचलनाला (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) भागा, वर्ग करा, १६ ने गुणा. हिमोग्लोबिनचं प्रमाणविचलन १.३ आणि अपेक्षित फरक ०.५ ग्रॅम असेल तर २.६ चा वर्ग ६.७६, गुणिले १६, म्हणजे प्रत्येक गटात १०८. पाचातलं एक मूल गळेल असं धरून १३५. दिवाळीनंतर येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांची मुलं असलेल्या गावात गळती याहून मोठी असते. तिथे अभ्यासाची मुदत हंगामात बसवा. गावं किंवा अंगणवाड्या गटाने वाटणार असाल तर संख्या आणखी वाढते, त्यासाठी संख्याशास्त्रज्ञाकडे जा.

साधनं: १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, दोन वर्षांखाली आडवी आणि वर उभी उंचीपट्टी, दंडघेराची पट्टी (६ ते ५९ महिन्यांच्या मुलांत ११.५ सेंमीखाली तीव्र, १२.५ खाली मध्यम कुपोषण). काटा रोज सकाळी माहीत असलेल्या वजनाने तपासा आणि ती नोंद वहीत ठेवा. प्रत्येक मूल दोनदा मोजा. बोटातलं आणि शिरेतलं रक्त मिसळून तुलना करू नका, दोन्हींचे हिमोग्लोबिनचे आकडे जुळत नाहीत.

नीतिसमिती (माणसांवरचं संशोधन तपासून मंजुरी देणारी समिती): आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं लागू. तुमची स्वतःची समिती नसेल तर पुण्यातल्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या किंवा संशोधन संस्थेतल्या प्राध्यापकाला सहसंशोधक करा, त्यांच्या समितीकडे जा आणि दोन महिने धरा. संमतीपत्र बोलीतल्या मराठीत असावं. सात वर्षांवरच्या मुलाची स्वतःची होकारसंमतीही लागते. अंगणवाडीत पाऊल टाकायला बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. सेविका 'या की' म्हणाली, ही परवानगी नव्हे, आणि पुढे चौकशी झाली तर अडकते ती बिचारीच. सीटीआरआयवरची (अशा चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही) नोंद अभ्यासात पहिलं मूल घेण्याआधी करा. नंतर होत नाही.

७. पेटंटचा अर्ज सादरीकरणाआधी

पुरस्काराच्या मंचावर पद्धत उघड केली की नावीन्य गेलं. तात्पुरता अर्ज ऑनलाइन भरायला व्यक्ती किंवा स्टार्टअपला १,६०० रुपये लागतात आणि पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. मात्र नुसतं मिश्रण पेटंटयोग्य नाही (कलम ३ई), पारंपरिक ज्ञानही नाही (कलम ३पी). नाचणी-दाणे-गूळ यावर पैसे घालवू नका. मोड आणण्याचं तापमान आणि वेळ यांची तुमची पद्धत नवी असेल तर तिचा विचार करा.

८. फाइल

एकाच फोल्डरमध्ये, तारखेसह:

– कंपनी, संस्था किंवा बचतगटाचं नोंदणीपत्र, पॅन, डीपीआयआयटी मान्यता
– भागधारणेचा तक्ता (बिगसाठी किमान ५१ टक्के वाटा भारतीय नागरिकांचा)
– इन्क्युबेटरचं पत्र, नीतिसमितीचं पत्र, सीटीआरआय क्रमांक
– एफएसएसएआय नोंदणी, तिन्ही वेळचे चाचणी-अहवाल, पाकिटाचा नमुना
– प्रकल्प अधिकाऱ्याची परवानगी
– कच्ची आकडेवारी, नावं काढून
– खर्चाचा तक्ता, कोटेशनसह
– फोटोंची लेखी संमती. ती नसेल तर फोटो वापरू नका

सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. आधारवर एक आणि पॅनवर दुसरं असेल तर ते दुरुस्त करायला महिना जातो.

९. अर्ज आणि मुलाखत

टप्पे मोजता येतील असे लिहा. 'जनजागृती करणे' हा टप्पा नाही; 'सहाव्या महिन्यात फायटेट ३० टक्क्यांनी घटवलेलं पीठ, दोन प्रयोगशाळांचे अहवाल' हा टप्पा आहे. खर्चात माणसांचा पगार कमी दाखवण्याची आपल्याकडे खोड आहे. मोजणी करणाऱ्या दोन ताईंचा प्रवासखर्चसुद्धा धरा, नाहीतर चौथ्या महिन्यात काम थांबतं.

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: 'काय फसलं?' याचं उत्तर आकड्यात द्या. कोणत्या बॅचला ओलावा जास्त निघाला, किती पाकिटं परत आली, त्यानंतर काय बदललं. काहीच फसलं नाही म्हणणाऱ्याने पुरेसं वापरून पाहिलेलं नसतं, असा परीक्षकांचा समज असतो आणि तो बहुधा बरोबर असतो.

१०. निकालानंतर

अनुदानासाठी वेगळं बँक खातं लागतं, ज्यावर बँकेचा कसलाही बोजा नाही असं. ते उघडायला वेळ लागतो, म्हणून निवडपत्र आल्याच्या आठवड्यात बँकेत जा. पुढचा हप्ता सीएच्या सहीच्या विनियोग प्रमाणपत्राशिवाय (पैसे कशावर खर्चले याचा दाखला) येत नाही. बिलं महिन्याच्या महिन्याला लावा. बक्षिसाच्या रकमेवर कर लागतो का, हेही त्याच सीएला पहिल्याच भेटीत विचारा.

निवड झाली नाही तर परीक्षकांचे शेरे मागवा. बरीच केंद्रं ते देतात. शेरा किंमतीचा असेल तर चौथ्या पायरीवर परत या, पुराव्याचा असेल तर सहाव्या. बिगच्या फेऱ्या साधारणपणे जानेवारी आणि जुलैमध्ये उघडत आल्या आहेत. सहा महिन्यांत तुलनेच्या गटाची एक मोजणी पूर्ण होते.